जड झालेले स्टेअरिंग

निपाणी-बेळगाव पट्ट्यात जुन्या लोडरचे स्टेअरिंग जड झाले की पहिला संशय पंपावर घेतला जातो. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकचे कारखानेच असल्याने पंपाला तोटा नाही. पण ही सोयच कित्येकदा मालकास महाग पडते. पंप बदलतो, दोष राहतो.

चाकांतील हवा व सांध्यांचे ग्रीस पाहून मग टाकी उघडावी. तेलावर फेस असेल तर बहुधा शोषणनळीतून हवा आत शिरत असते. तेल दुधाळ असेल तर पाणी मिसळलेले असते. स्टेअरिंग एकाच बाजूस जड असेल तर पंप बहुधा निर्दोष सुटतो. थंडपणी ठीक व तापल्यावर जड, ही मात्र झिजलेल्या पंपाची किंवा आतल्या आत होणाऱ्या गळतीची खूण. निकाल प्रेशर गेजने करावा, अनुभवी मिस्त्रीच्या कानाने नव्हे.

गळती शोधण्यासाठी चालू यंत्राच्या नळीवरून हात फिरविण्याची सवय तर घातकच. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून सुटलेले तेल हातमोजा व कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, आरंभी दुखतही नाही. परंतु उपचारास उशीर झाल्यास बोट कापण्याची पाळी येते. हाताऐवजी लांबून पुठ्ठा धरावा, त्यावर डाग उमटतो. तेल टोचलेच, तर मलमपट्टीत वेळ न दवडता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे आणि आत हायड्रॉलिक तेल शिरल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.