पिवळं लॉन, युरिया आणि माळीकाका

आजचा भाग गवताबद्दल आहे. हसू नका, यात एका माणसाची नोकरी जाता जाता राहिली आहे.

आमची सोसायटी पुण्यात. मधोमध लॉन. पावसाळ्यानंतर ते पिवळं पडायला लागलं आणि ग्रुपवर मेसेज सुरू झाले, माळीकाका कामचुकार आहेत. मी कमिटीत सगळ्यात लहान, पण बीटेक, म्हणजे आपल्याला सगळं कळतं असा समज. म्हटलं, "नत्र कमी पडतंय, युरिया टाका." काका म्हणाले, "साहेब, आधी माती तपासू." मी ऐकलं नाही. दोनदा युरिया टाकला. गवत वाढलं, पण पिवळंच. मग मीटिंगमध्ये विषय आला, माळी बदला नाहीतर प्लास्टिकचं लॉन घाला.

तेव्हा मला लाज वाटली. ऑफिसमध्ये कोणी लॉग न बघता कोड बदलला तर मी ओरडतो. इथे मी तेच केलं होतं.

शेवटच्या युरियानंतर महिनाभर थांबलो. मग काका आणि मी लॉनवर नागमोडी फिरून दहा ठिकाणची माती घेतली, गवत बाजूला करून चार इंच खोलपर्यंत. मी घमेलं आणलं, तर काकांनी परत पाठवलं. "लोह मोजायचंय ना? मग गंजकं घमेलं कशाला?" प्लास्टिकची बादली आणली. माती मिसळून सावलीत वाळवली. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत केलं. प्रयोगशाळेत सूक्ष्म अन्नद्रव्यांची तपासणीही मागितली. ती मागितली नसती तर खरं कारण दिसलंच नसतं.

रिपोर्ट आला. नत्र ठीक. सामू 8.3, चुनखडी भरपूर. लोह 2.6 पीपीएम, आणि 4.5 च्या खाली असेल तर कमतरता धरतात.

गंमत बघा, आपली काळी माती बेसॉल्टची, तिच्यात लोह भरपूर असतं. पण चुनखडी आणि सामू जास्त असला की ते मुळांना घेता येत नाही. डेटा आहे, ॲक्सेस नाही!

खूण पानावरच होती. नत्र कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून जुनी पानं आधी पिवळी होतात. लोह असं हलत नाही, म्हणून नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. आमच्याकडे नवीच पिवळी होती. काकांनी ते पाहिलं होतं, मी नाही.

उपाय साधा होता. लिटरला 5 ग्रॅम हिराकस, संध्याकाळी पानांवर फवारणी. मातीत टाकलं तर चुनखडीत पुन्हा अडकतं. फरशीवर मात्र उडवू नका, तांबूस डाग पडतात. काही दिवसांत नवी पानं हिरवी आली. हा कायमचा इलाज नाही, फवारणी अधूनमधून करावी लागते. सोबत कंपोस्ट चालू ठेवलंय.

पुढच्या मीटिंगमध्ये मी रिपोर्ट दाखवला आणि सांगितलं, चूक माझी होती. काका अजून आमच्याकडेच आहेत. आता मला "साहेब" म्हणतात तेव्हा जरा हसतात.

तर मंडळी, खताच्या आधी माती. आणि मातीच्याही आधी, रोज तिच्यात हात घालणाऱ्या माणसाला विचारा. भेटू पुढच्या भागात!