टाचणवही
(वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



चिटणीसबाईंनी "शिक्षणाविषयी चार शब्द बोला" असे सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. सातवी शिकलेल्या बाईने शिक्षणावर काय बोलावे? पण माझी थोरली मुलगी सध्या ठाण्याच्या एका अध्यापक विद्यालयात डी.एल.एड. करते आहे. आपण ज्याला डी.एड. म्हणत असू, तेच हे. तिच्यामुळे मला एक गोष्ट उमगली, ती सांगते.

छात्राध्यापिकेला वर्गावर जाण्यापूर्वी पाठाचे टाचण लिहावे लागते. वर्ग, विषय, घटक, उद्दिष्टे, मुलांना आधीपासून काय येते, साधने कोणती, फळ्यावर काय लिहायचे, शेवटी स्वाध्याय कोणता, सारे त्यात येते. मध्ये दोन रकाने असतात. एकात शिक्षक काय करील ते, दुसऱ्यात विद्यार्थी काय करतील ते. हर्बार्ट नावाच्या जर्मन विद्वानाच्या शिष्यांनी पाठाच्या पाच पायऱ्या ठरवल्या. तिला आपल्याकडे पंचपदी म्हणतात. आजच्या टाचणातही तिची छाया दिसते.

चौथीच्या वर्गावर अपूर्णांकाचा पाठ होता. आदल्या रात्री मुलीने मला समोर बसवले. "आई, तू विद्यार्थिनी हो," म्हणाली. मी भाजी निवडत बसले. तिने विचारले, "एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?" मी म्हटले, "चतुर्थांश. तीनापेक्षा चार मोठे." ती खळखळून हसली आणि "अगं आई!" म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळली. मीही हसले. पण खरे सांगते, ते हसू मला लागले. शाळेत असतानाही मी असेच उत्तर दिले होते आणि वर्ग असाच हसला होता. त्या दिवसापासून गणिताच्या तासाला मी हात वर केला नाही.

दुसऱ्या दिवशी कल्याणच्या शाळेत तिचा पाठ झाला. संध्याकाळी घरी आली ती न बोलता. जेवायलाही उठेना. मग कळले की निम्म्या वर्गाने माझेच उत्तर दिले. हिच्या टाचणात तर दुसऱ्या रकान्यात ओळीने लिहिलेले, "विद्यार्थी योग्य उत्तर देतील." त्यांनी दिले नाही, तेव्हा पुढे काय करावे हे वहीत नव्हते. तिने उत्तर स्वतःच सांगून टाकले आणि 35 मिनिटांची तासिका कशीबशी संपवली. मार्गदर्शक बाई एवढेच म्हणाल्या, "तू काय बोलणार ते सुरेख लिहिलेस. मुले काय बोलतील ते कुठे आहे?"

तेव्हा मी धीर करून तिला माझी शाळेतली गोष्ट सांगितली. पोर गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, तुला चार मोठे का वाटले, ते सांग ना." इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारले नव्हते.

मग आम्ही जुन्या दिनदर्शिकेच्या कागदाच्या 24 सेंटीमीटरच्या दोन पट्ट्या कापल्या. एकीच्या घडी घालून तीन वाटण्या केल्या, दुसरीच्या चार. तिसरा भाग 8 सेंटीमीटर भरला, चौथा 6. वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो! हे तर आपण रोज पानावर वाढताना करतोच. मला त्या दिवशी अपूर्णांक समजला, भगिनींनो, चाळिशी उलटल्यावर.

तिने टाचण पुन्हा लिहिले. दुसऱ्या रकान्यात आता होते, "काही मुले एक चतुर्थांश मोठा म्हणतील. त्यांना कारण विचारावे. मग पट्ट्या द्याव्यात." पुढच्या पाठाला तिला घाम फुटला नाही.

आपल्या भागात ही परंपरा जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीस आणि पुढे 1957 पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले. ही गावे तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यात होती. 2014 पासून ती पालघर जिल्ह्यात आहेत. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. पाने, बिया, खडे हीच साधने केली. मूल जिथे आहे तिथून आरंभ करायचा, हेच त्यांचे टाचण.

आपणही रोज संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतो. उत्तर चुकले की "मठ्ठ आहेस" असे पटकन तोंडून जाते. त्याऐवजी एकदा "तुला असे का वाटले?" एवढे विचारून पाहू या. स्वयंपाकाआधी घरात कोणाला पथ्य आहे ते आपण पाहतोच की! तसेच हे.