शहरातला मळा



शहरात भाजी येते कुठून? आपल्याकडून. पहाटे आपण पाट्या भरतो, मोटारीत चढवतो. पण ती मोटारच बंद पडली तर? एका शहरावर खरोखरच अशी पाळी आली होती. त्याचे नाव हवाना. क्यूबा नावाच्या बेटाची ही राजधानी. तेव्हा वस्ती सुमारे 20 लाख.

क्यूबा हा तेव्हा उसाचा देश. ऊस लावायचा, साखर करायची, ती सोव्हिएत रशियाला द्यायची. बदल्यात तेल, गहू, खत घ्यायचे. 1991 साली सोव्हिएत संघ मोडला. मोठे गिऱ्हाईक गेले. शेजारच्या अमेरिकेने तर 1962 सालीच व्यापार तोडला होता. झाले! तेलावाचून ट्रॅक्टर उभे, मालमोटारी उभ्या. खेड्यात पुन्हा बैल जुंपले. शहरात माणसे अर्धपोटी राहू लागली, वाळली.

तेव्हा शहरातल्या लोकांनी घराजवळच्या पडीक जागा धुंडाळल्या. सरकारनेही त्या कसायला दिल्या. खंड नाही, मालकी नाही. कसाल तोवर तुमची.

आता उकिरड्याच्या जागेत माती ती कसली? विटांचे तुकडे आणि काचा. तिथे नांगर काय करणार! म्हणून वर बुटक्या भिंती घालून लांबट वाफे केले. त्यांत चांगली माती भरली. शेणखत घातले, गांडूळखत घातले, साखर कारखान्यातला रसाचा गाळसुद्धा कुजवून घातला. कडेने झेंडू नि मका लावला, म्हणजे किडीचा त्रास कमी. आपल्याकडेही जाणती माणसे भाजीभोवती झेंडू लावतातच की.

मुळा, काकडी, टोमॅटो, पालेभाज्या निघू लागल्या. विक्री मळ्याच्या फाटकावरच. गाडीभाडे नाही, अडत नाही! अलामार नावाच्या भागात 1997 साली मोजक्या माणसांनी असा मळा धरला. पुढे तो सहकारी मळा सुमारे 25 एकरांचा झाला.

कोणी विचारील, एवढ्यावर शहराचे पोट भरले का? नाही भरले. तांदूळ-गहू काही वाफ्यात होत नाही. तो क्यूबा आजही बराचसा बाहेरून आणतो. पण त्या वाईट दिवसांत ताटात हिरवे आले. पेट्रोलचा थेंब न जाळता आले. शेजारच्या बाया पिशवी घेऊन चालत यायच्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत भाजी उपटून मिळायची.