राजाश्रयाकडून न्यायाश्रयाकडे
(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवातील व्याख्यान)



मायदेशात जिवाला धोका निर्माण झाल्यामुळे परक्या देशाच्या दाराशी आलेला माणूस जे मागतो, त्याला मराठीत ‘राजाश्रय’ हा शब्द रूढ आहे. शब्द जुना आणि भारदस्त आहे. परंतु त्यात राजा आहे. राजे गेले, संस्थाने विलीन झाली, तरी शब्द राहिला. त्याच्याबरोबर एक समजूतही राहिली : आश्रय ही देणाऱ्याच्या औदार्याची बाब, मागणाऱ्याने हात जोडावेत आणि मिळेल ते घ्यावे. ही समजूत कितपत पुरेशी आहे, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय.

गुजरात आणि महाराष्ट्र अशी दोन घरे असलेल्या बडोद्याच्या मराठी समाजाला याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. १९४० व १९४१ साली सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लाखो माणसांना सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकले. जुलै १९४१ मध्ये लंडनस्थित पोलिश सरकार आणि सोव्हिएत रशिया यांच्यात करार झाला. त्यानंतर सुटका झालेल्यांपैकी काहीजण इराणमार्गे बाहेर पडले. १९४२ साली नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी शिबिर उघडले. १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली. त्यात बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. शाळा भरू लागल्या, दवाखाना चालू झाला, प्रार्थनामंदिर उभे राहिले. १९४८ पर्यंत ही वसाहत नांदली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातील स्मारक आजही तिची आठवण देते.

ही कथा औदार्याची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण तिची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. वळिवड्याच्या आश्रितांमागे त्यांचे स्वतःचे सरकार होते. ते लंडनमध्ये होते, पण खर्चाची जबाबदारी घेणारे आणि ‘ही आमची माणसे’ असे लेखी सांगणारे होते. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून वॉर्सातील नव्या सरकारला दिली. बराकी त्याच होत्या, चुली त्याच होत्या, यजमानांची मायाही आटली नव्हती. मात्र ज्या सरकारच्या नावाने कागद होते, तेच मित्रराष्ट्रांच्या लेखी उरले नाही. मग या लोकांचा वाली कोण, त्यांनी परतावे की नाही, हे प्रश्न आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांकडे गेले. माया पोटाला अन्न देऊ शकते. माणूस कोण आहे आणि त्याला परत का पाठवू नये, हे ठरवायला मात्र कायदाच लागतो, हा वळिवड्याचा खरा धडा आहे.

जगाने हा धडा लवकरच लिहून काढला. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या चौदाव्या कलमात छळापासून बचावासाठी अन्य देशांत आश्रय मागण्याचा हक्क नमूद आहे. हा जाहीरनामा घडवणाऱ्या आयोगात हंसाबेन मेहता होत्या. पुढे त्याच बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. पहिल्या कलमातील ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारी शब्दरचना बदलून तेथे ‘सर्व मानव’ यावे, हा त्यांचा आग्रह होता आणि तो मान्य झाला. एका शब्दाने दार किती रुंद होते, हे ग्रंथालयाच्या सभासदांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

पुढे १९५१ चा निर्वासितविषयक करार आणि १९६७ चा पूरक मसुदा आला. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची साधार भीती असलेला माणूस म्हणजे निर्वासित, अशी व्याख्या ठरली. त्याला छळाच्या ठिकाणी परत ढकलू नये, हे तत्त्व प्रस्थापित झाले. भारताने या करारावर सही केलेली नाही, आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. १९४६ चा परकीय नागरिक कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून नव्या कायद्याने बदलला. काही गटांना सरकारी आदेशाने सवलती मिळाल्या. परंतु छळामुळे पळून आलेला माणूस आणि व्हिसाची मुदत संपूनही राहिलेला पर्यटक यांना वेगळे ओळखणारी सर्वसाधारण व्याख्या नव्या कायद्यातही आलेली नाही. तिबेटी व श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांची व्यवस्था भारत सरकार पाहत आले. अफगाणिस्तान, म्यानमार आदी देशांतून आलेल्यांची नोंदणी व चौकशी संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्त कार्यालय करते.

अशा स्थितीत न्यायालयांनी संविधानाचाच आधार घेतला. एकविसावे कलम जीविताचे व स्वातंत्र्याचे रक्षण केवळ ‘नागरिकाला’ देत नाही. तेथे ‘व्यक्ती’ हा शब्द आहे. १९९६ साली निकाल लागलेल्या प्रकरणात राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने अरुणाचल प्रदेशातील चकमांची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडली. पूर्व पाकिस्तानातून १९६४ च्या सुमारास आलेल्या या लोकांना हुसकावण्याच्या धमक्या मिळत होत्या, आणि नागरिकत्वाचे त्यांचे अर्ज स्थानिक पातळीवरच अडकून पडत होते. न्यायालयाने त्यांच्या जीविताचे रक्षण करण्याचा आणि अर्ज अडवून न ठेवता पुढे पाठवण्याचा आदेश दिला. १९९८ साली भूज येथे स्थानबद्ध असलेल्या दोन इराकी निर्वासितांच्या प्रकरणात गुजरात उच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. देशाच्या सुरक्षिततेला बाधा येत नसेल तोवर, छळाच्या जागी परत न धाडण्याचे तत्त्व एकविसाव्या कलमात सामावलेले आहे, असे ते म्हणाले.

मात्र ही वाट सरळ नाही. ८ एप्रिल २०२१ रोजी रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला. जीविताचा हक्क सर्वांना आहे, परंतु हद्दपार न होण्याचा हक्क भारतात वास्तव्य करण्याच्या हक्काशी निगडित असून तो नागरिकांचा आहे, असे मत न्यायालयाने नोंदवले. विहित कार्यपद्धतीशिवाय हद्दपारी करू नये, एवढे मात्र बजावले. सीमा राखणे हे राज्याचे कर्तव्यच आहे. म्हणूनच खरा आश्रयार्थी कोण हे नीट पारखण्याची रीत असणे राज्याच्याही हिताचे ठरते.

ही पारख प्रत्यक्षात कशी होते? आश्रयार्थ्याजवळ बहुधा पुरावा नसतो. जिवानिशी पळणारा माणूस दप्तर बांधून निघत नाही. त्याची हकीकत हाच त्याचा मुख्य पुरावा. ती सांगायची परक्या अधिकाऱ्यापुढे, दुभाष्याच्या तोंडून. अफगाण माणसाच्या डोक्यातील सौर हिजरी तारीख इंग्रजी तारखेत बदलताना वर्ष चुकते. एकच नाव दोन कागदांवर दोन तऱ्हांनी लिहिले जाते. अत्याचार सोसलेली स्त्री घरच्या माणसांसमोर तोंड उघडत नाही. मग जबानीत विसंगती दिसते आणि विसंगतीला खोटेपणा समजले जाते. म्हणून चांगला विधी-साहाय्यक आधी स्वस्थपणे ऐकतो. तो स्त्रीसाठी स्त्री दुभाषी मागतो, जबानी तिच्या भाषेत परत वाचून दाखवतो, पदरचे काही घालू नये अशी सक्त ताकीद देतो, प्रत्येक कागदाची नक्कल ठेवतो आणि अर्जदाराची माहिती त्याच्या मायदेशाच्या वकिलातीपर्यंत पोचू देत नाही. अर्ज फेटाळला गेला तर अपिलाची मुदत सांभाळतो.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ अशी म्हण आहे. कोठडीतल्या आश्रयार्थ्याला मात्र त्या पायरीवाचून दुसरा आधार नाही. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमाखाली स्त्रिया, मुले आणि अटकेतील व्यक्ती यांना मोफत वकील मिळू शकतो. तेथेही ‘नागरिक’ अशी अट नाही. ही तरतूद ठाऊक नसल्याने ती अनेकांच्या उपयोगी पडत नाही.

कायद्याला जोड हवी ती आधाराची. निर्णयाची वाट पाहण्यात वर्षे जातात, आणि त्या काळात पोट थांबत नाही. उघडपणे नोकरी करण्याची मुभा सहसा नसते. मग मजुरी बुडाली तरी तक्रार करवत नाही. परदेशी भाडेकरूची माहिती अधिकाऱ्यांना कळवावी लागते, म्हणून घरमालक कचरतो. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारू नये, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. तरी शाळेच्या दाराशी तो दाखला मागितला जातोच. तेथे आईबरोबर जाणारे, चार शब्द बोलणारे कोणी असले, तर मूल वर्गात बसते. दवाखान्याच्या रांगेतही तेच.

आश्रयार्थी नेहमी सीमा ओलांडतानाच आश्रयार्थी असतो असेही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडले तेव्हा भारतात शिकणारे अफगाण विद्यार्थी रीतसर व्हिसावर वर्गात बसलेले होते. ते कोठूनही पळाले नव्हते. त्यांच्यामागे देशच बदलला. अभ्यासिकेत शेजारी बसलेला मुलगा एका रात्रीत आश्रयार्थी होऊ शकतो.

श्रोतेहो, शंभर वर्षे जपलेल्या ग्रंथालयाला लिहिलेल्या शब्दाचे मोल कळते. अर्ज, जबानी, ओळखपत्र, न्यायालयाचा आदेश हेही लिहिलेलेच शब्द. फरक इतकाच, की त्यांतील एक ओळ चुकली तर माणूस जिवाला मुकतो. सभासदांत वकील आहेत, शिक्षक आहेत, अनेक भाषा जाणणारे आहेत, टंकलेखन करणारे आहेत. अर्ज वाचून देणे, भाषा शिकवणे, नक्कल करून देणे, शाळेपर्यंत सोबत जाणे, ही कामे त्यांच्या आवाक्याबाहेरची नाहीत. औदार्य राजाजवळ होते तेव्हा आश्रय त्याच्या मर्जीवर अवलंबून होता. आता राजा नाही. आश्रय मागणाऱ्याचे म्हणणे पुरते ऐकले जावे, खरे लिहिले जावे आणि न्यायाने तोलले जावे, ही जबाबदारी आता साऱ्या समाजाची आहे.