टॅबच्या आधी कात्री



आपल्या निधीतून बालवर्गासाठी टॅब घ्यावेत, असा प्रस्ताव आहे. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाईने त्याला विरोध करावा, याचं काहींना हसू येईल. येऊ दे.

काचेवर बोट फिरवायला जोर लागत नाही. पेन्सिल धरायला लागतो. पहिलीतल्या मुलाच्या मनगटातली आठही हाडं अजून तयार झालेली नसतात. अशा हाताला दिवाळीची सुट्टी खूप काही शिकवते. किल्ल्याची माती मळताना सगळा तळहात कामाला लागतो. कंदिलाच्या झिरमिळ्या कापताना एक हात कात्री चालवतो, दुसरा कागद सरकवतो. दोन हातांनी दोन वेगळी कामं करणं चार वर्षांच्या मुलाला सोपं नाही. आणि रांगोळी! चिमूट किती सैल सोडायची, हे बोटांनाच कळावं लागतं. (आमच्या अंगणात पहिले दोन दिवस ठिपके कमी, ढीग जास्त.)

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाड्या उभ्या केल्या, त्या शंख-शिंपले, बिया, पानं अशा वस्तूंवर.

म्हणून माझी सूचना: यंदा शाडू, पणत्या, रंग आणि बोथट टोकाच्या कात्र्या घेऊ, काही डावखुऱ्यांसाठीही. सुट्टीआधीचे चार शनिवार मी येते, आणखी तिघं-चौघं हवेत. कंदील वाकडे होतील. ते बाईंनी सरळ करू नयेत, पालकांनी तर मुळीच नाही.

टॅब पाचवीला द्या. तेव्हा शिकवायलाही मीच येईन.