मापात पाप : साखरा येथील तरुणांपुढचे भाषण



'सगळे धर्म एकच शिकवतात' हे वाक्य शांतता समितीच्या बैठकीत टाळ्या घेतं. मला ते पुरतं पटत नाही. श्रद्धा वेगळ्या आहेत, उपासना वेगळ्या आहेत. ते लपवण्याचं कारण नाही. पण तराजूपाशी आले की सगळे धर्म एकच बोलतात.

'काटा मारला' म्हटलं की साखऱ्यात कुणाला अर्थ सांगावा लागत नाही. कुरआनच्या 83व्या सूरहचं नावच 'अल-मुतफ्फिफीन', म्हणजे मापात मारणारे. त्यांची खूण काय? स्वतः घेताना माप पुरेपूर, दुसऱ्याला देताना कमी. तौरातमध्ये थैलीत दोन प्रकारची वजनं बाळगायला मनाई आहे. जैनांचं तत्त्वार्थसूत्र खोटं माप अचौर्य व्रताचा दोष मानतं. बुद्धांनीही तराजूतली फसवणूक वर्ज्य सांगितली. तुकोबा तर स्वतः दुकान चालवलेले. धन जोडा, पण चांगल्या व्यवहाराने, हे त्यांचं सांगणं.

आता मदिनेच्या बाजारातली गोष्ट ऐका, कारण ती आपल्याच मोंढ्यातली वाटते. पैगंबरांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला, तर आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजलं. तेव्हा त्यांनी विचारलं, मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं! फसवणारा आपल्यातला नाही, असंही बजावलं. भिजलेला माल विकू नको, असं ते म्हणाले नाहीत. पावसावर कुणाचा जोर? लपवू नको, एवढंच.

सोयाबीनला हमीभावासाठी ओलाव्याची मर्यादा 12 टक्के. आपल्यातले काही शेतकरी आहेत, काही अडतीवर कामाला, काहींची गावात खरेदी. पोत्याच्या तळाशी ओला माल घालणारा आणि ओलावा मुद्दाम दोन टक्के जास्त दाखवून भाव पाडणारा, दोघेही त्या सूरहत बसतात.

कुणी म्हणेल, लोक आपल्यावर बहिष्काराची भाषा करतात, मग त्यांच्याशी सरळ का वागायचं? सूरह माइदाची आठवी आयत नेमकं यालाच उत्तर देते: एखाद्या समाजाच्या वैरापायी न्याय सोडू नका. समोरचा मंदिरात जातो की विहारात, हे काट्याला ठाऊक नसतं.

सोयाबीन निघायला आलंय. त्याआधी आपल्या दुकानांचे काटे वैधमापनवाल्यांकडून तपासून, शिक्का मारून घेऊ. ज्यांना यायचंय त्यांनी नावं आत्ता इथेच द्या.