जुन्या मिररलेस कॅमेऱ्यांबरोबरची सात वर्षं



या टेबलावर दोन कॅमेरे ठेवलेत. डावीकडचा ऑलिंपसचा ओएम-डी ई-एम५, २०१२ साली बाजारात आलेला. उजवीकडचा पॅनासॉनिकचा ल्युमिक्स जी८५, २०१६चा. दोन्ही मी सेकंडहँड घेतले. दोन्हींना मिळून जेवढे पैसे गेले, तेवढ्यात आज नव्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याची नुसती बॉडीसुद्धा येत नाही, लेन्स तर लांबच. मुलगा दर दिवाळीला म्हणतो, "बाबा, आता तरी नवा घ्या." मी दर दिवाळीला म्हणतो, "बघू." आज तुम्हाला सांगायचंय की या दोन कॅमेऱ्यांनी मला काय दिलं, कुठे अडवलं, आणि एकदा माझ्याच हातून काय घालवलं गेलं.

मी तोफखान्यातून निवृत्त झालो आणि बेळगावात राहिलो. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथेच आहे. खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, आजरा ही सगळी फौजींची गावं आसपास. १९६५ आणि १९७१च्या लढायांत असलेली माणसं या गावांतून अजून भेटतात. त्यांचे फोटो काढायचे आणि त्यांचं बोलणं त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करायचं, एवढं एक काम मी २०१७ पासून करतोय. कुणी सांगितलेलं नाही, कुणी पैसे देत नाही. त्यामुळे बजेट म्हणजे माझं पेन्शन.

आधी थोडक्यात, मिररलेस म्हणजे काय. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये एक आरसा असतो. तो लेन्समधून आलेलं दृश्य वर व्ह्यूफाइंडरमध्ये पाठवतो आणि फोटो काढताना खट्‌कन उचलला जातो. मिररलेसमध्ये हा आरसाच नाही. सेन्सरला जे दिसतं तेच तुम्हाला छोट्या इलेक्ट्रॉनिक पडद्यावर दिसतं. २००८मध्ये पॅनासॉनिकच्या जी१ पासून ही जात सुरू झाली. आरसा गेल्यामुळे कॅमेरा पातळ झाला, हलका झाला. माझे दोन्ही अर्ध्या किलोच्या आसपासचे आहेत. साठी उलटलेल्या खांद्याला हा फरक फार जाणवतो.

दुसरा फायदा माझ्यासारख्या जुन्या माणसाला जास्त भावतो. कॅप्टन असताना मी फिल्मचा निकॉन वापरायचो, त्याची ५० मिलिमीटरची लेन्स अजून आहे. निकॉनच्या त्या माउंटमध्ये लेन्स फिल्मपासून ४६.५ मिलिमीटरवर बसते. मायक्रो फोर थर्ड्‌समध्ये हेच अंतर १९.२५ मिलिमीटर. म्हणजे मध्ये साधारण २७ मिलिमीटरची जागा उरते. तेवढ्या जाडीची एक धातूची कडी, म्हणजे ॲडॉप्टर, बसवला की जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालते. फोकस आणि ॲपर्चर हातानंच फिरवायचं. सेन्सर लहान असल्यामुळे ५०ची लेन्स १००सारखी जवळचं दाखवते, चेहऱ्यासाठी एकदम योग्य. आणि दोन्ही कॅमेऱ्यांचं माउंट एकच असल्यानं एकाच पिशवीतल्या लेन्स दोघांना चालतात.

आता फोटोंबद्दल. ते मी ऑलिंपसवर काढतो. १६ मेगापिक्सेल ऐकून लोक नाक मुरडतात. हिशोब करा. ४६०८ बाय ३४५६ पिक्सेल. ३०० डीपीआयनं छापलं तर साधारण १५ बाय ११ इंचांचा फोटो होतो. गावातल्या घरात भिंतीवर लावायला याहून मोठा फोटो आजवर मला कुणी मागितलेला नाही.

या कॅमेऱ्याची खरी कमाई म्हणजे त्याचं स्टॅबिलायझेशन. सेन्सर पाच दिशांनी हाताचा कंप सावरतो, आणि अशी सोय असलेला हा पहिला कॅमेरा. चंदगडकडची कौलारू घरं आतून अंधारी असतात. सोप्यावर दारातून येईल तेवढाच उजेड. तिथे मी ट्रायपॉडशिवाय सेकंदाच्या दहाव्या भागाचं एक्स्पोजर हातात धरून घेतो आणि भिंत, चौकट, मेडलं सगळं स्पष्ट येतं. पण एक लक्षात ठेवा. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, समोरच्या माणसाचा नाही. आजोबांनी मान हलवली की चेहरा हलणारच. माणसासाठी मी साठाव्या भागाखाली उतरत नाही. त्यासाठी ४५ मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स वापरतो आणि आयएसओ १६००पर्यंतच ठेवतो. त्यापुढे काळ्या भागात दाणे येतात. मला ते चालत नाहीत, तुम्हाला चालतील. अंगणात पळणाऱ्या नातवंडांच्या मागे या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस पोहोचत नाही. मग नातवंडांना आजोबांजवळ बसवायचं. फोटोही जास्त चांगला येतो.

व्हिडिओ मी पॅनासॉनिकवर घेतो. इथे जुनेपणा जास्त अडवतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट फोकस. याचा ऑटोफोकस कॉन्ट्रास्ट बघून चालतो. माणूस शांत बसलेला असला तरी तो मध्येच पुढे-मागे शोधतो आणि मागची भिंत श्वास घेतल्यासारखी हलते. म्हणून मुलाखतीत ऑटोफोकस बंद. खुर्ची ठरवायची, ॲपर्चर एफ/४ ठेवायचं, हातानं फोकस करायचा. फोकस पीकिंग नावाची सोय आहे, जे स्पष्ट आहे त्याच्या कडा रंगीत दिसतात. पापण्यांवर रंग आला की झालं. माणूस बोलताना थोडा पुढे झुकला तरी एफ/४ला निभावतं.

दुसरी गोष्ट ट्यूबलाइट. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर ५०वा किंवा १००वा भाग ठेवला तर पट्टे येत नाहीत. तिसरी गोष्ट व्हाइट बॅलन्स. तो ऑटोवर सोडू नका. ढग आला-गेला की आजोबांचा चेहरा निळा-पिवळा होत राहतो. आणि एक्स्पोजर जागेवरच बरोबर हवं. या कॅमेऱ्याची फाइल ८-बिटची, नंतर संगणकावर ओढाताण केली की फाटते. मागे उघडी खिडकी असेल तर माणसालाच खिडकीकडे तोंड करून बसवा.

चौथी गोष्ट जागा. ४के रेकॉर्डिंग १०० मेगाबिटनं होतं. म्हणजे मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. कार्डावर यू३ लिहिलेलं असेल तरच ते भरवशाचं. बॅटरी मला तासभर पुरते, म्हणून तीन जवळ ठेवतो.

पाचवी गोष्ट आवाजाची. या कॅमेऱ्याला बाहेरचा माइक लावता येतो, पण हेडफोन लावायला जागा नाही. रेकॉर्डिंग चालू असताना आवाज ऐकता येत नाही, फक्त स्क्रीनवर दोन पट्ट्या हलताना दिसतात. हे मला कॅमेरा घेताना माहीत होतं. माहीत असणं आणि त्याची व्यवस्था लावणं यात किती अंतर असतं, ते आता सांगतो.

२०१९चा सप्टेंबर संपत आला होता. चंदगड तालुक्यातल्या एका गावात एक निवृत्त हवालदार राहायचे. नाव सांगत नाही. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे गावात त्यांना सगळे 'मेजर' म्हणत, मीही मेजरच म्हणालो. ते जंगी पलटणीचे, म्हणजे पहिल्या मराठाचे. डिसेंबर १९७१मध्ये जमालपूरला होते. पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून शहराच्या दक्षिणेला गेली होती आणि टांगाईलकडे जाणारा रस्ता अडवून बसली होती. १० डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी तुकडी तो अडथळा फोडून निसटायला निघाली, आणि रात्रभर जे झालं ते याच लोकांनी झेललं. पुस्तकांत ही लढाई आहे. पण खंदकातल्या एका शिपायाला ती कशी दिसली, ते मला हवं होतं.

बाहेर पाऊस. सोप्यावर बसलो. मी त्यांच्या सदऱ्याला कॉलर-माइक लावला. त्याच्या वायरमध्ये एक डबी, डबीत सेल, डबीवर नखाएवढी कळ. बाहेरचा माइक जोडला की कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक बंद होतो. "चालू झालं का साहेब?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "झालं, मेजर. बोला."

ते एक तास दहा मिनिटं बोलले. मध्ये उठून त्यांनी आतून तांब्या आणि पितळी वाट्या आणल्या, जमिनीवर मांडल्या, सरकवून दाखवल्या. मी त्यांच्याकडे आणि फोकसकडे बघत होतो. मध्ये एकदा बॅटरी बदलली. तेव्हाही त्या दोन पट्ट्यांकडे माझं लक्ष गेलं नाही.

रात्री बेळगावला येऊन फाइल लावली. चित्र उत्तम, आवाज शून्य. डबीवरची कळ बंदच राहिली होती.

तोफखान्यात मी जवानांना एकच गोष्ट हजारदा सांगितली असेल. ड्रिलमधली एक पायरी गाळली की बाकीच्या नऊ पायऱ्या वाया जातात. आणि इथे पायरी मी गाळली होती. चूक कॅमेऱ्याची नव्हती, माइकचीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी फोन केला, खरं ते सांगितलं. मेजर हसले. म्हणाले, "आता भातकापणी हाय. सुगी झाल्यावर या, परत सांगतो." मी डिसेंबरात फोन केला. त्यांच्या मुलानं उचलला. वडील तीन आठवड्यांपूर्वी गेले म्हणाला.

त्यानंतर बरेच दिवस मी कॅमेरा उघडला नाही. नवा, महाग, हेडफोनची सोय असलेला घ्यावा असंही डोक्यात आलं. पण नव्या कॅमेऱ्यानंही ती कळ माझ्यासाठी चालू केली नसती.

जानेवारीत मुलाचा फोन आला. "साहेब, ते शूटिंग आवाज नसला तरी बघायला मिळेल का? आईला बघायचंय." मी लॅपटॉप घेऊन गेलो. त्याच सोप्यावर वहिनी बसल्या. पहिली पाच मिनिटं त्या नुसत्या बघत होत्या. मग मेजरांनी तांब्या ठेवला, तशा त्या म्हणाल्या, "ह्यो तांब्या म्हंजे त्यांचं गाव. हितनं ते बाहेर येणार." मी त्यांच्याकडे बघितलं. "ही वाटी म्हंजे ह्यांची कंपनी. आता थंडीचं सांगत्यात बघा. आता शेजारच्या पोराचं."

पन्नास वर्षांत त्यांनी ती गोष्ट इतक्या वेळा ऐकली होती की हात बघून त्यांना शब्द कळत होते. मी विचारलं, "वहिनी, परत पहिल्यापासून लावू? तुम्ही सांगाल?" त्या हो म्हणाल्या. मी माइक काढला. कळ चालू केली. दहा सेकंद रेकॉर्ड केलं, परत लावून कॅमेऱ्याच्या स्पीकरवर ऐकलं, आणि मगच सुरुवात केली. आज ते रेकॉर्डिंग आहे, त्यात चित्र मेजरांचं आणि आवाज वहिनींचा. मेजर काय बोलले ते शब्दशः कुणालाच कधी कळणार नाही. पण बरंच काही उरलं.

तेव्हापासून माझं ड्रिल ठरलेलं आहे. एक, माइक लावून दहा सेकंद रेकॉर्ड करायचं आणि परत ऐकायचं. दोन, फोनचा रेकॉर्डर शेजारी वेगळा चालू ठेवायचा. तीन, सुरुवातीला एक टाळी वाजवायची, म्हणजे नंतर दोन्ही आवाज चित्राशी जुळवता येतात. चार, बॅटरी बदलली की पहिल्या पायरीपासून पुन्हा. पाच, या कॅमेऱ्यात कार्ड एकच बसतं, म्हणून गाव सोडण्याआधी फाइल लॅपटॉपवर उतरवायची आणि उघडून बघायची.

जुना कॅमेरा घ्यायचा विचार असेल तर दोन शब्द. लेन्समधून टॉर्च मारून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी आहे, घेऊ नका. लेन्सची झाकणं लावून एक लांब एक्स्पोजर घ्या, पांढरे ठिपके किती दिसतात बघा. बॅटरी फुगलेली नाही ना, माइकची खाच सैल नाही ना, स्क्रीन फिरवताना बंद पडत नाही ना, तपासा. कोकण-घाटमाथ्याच्या पावसात सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा हवाच. आणि पैसे घेऊन लग्नं शूट करणार असाल तर माझं ऐकू नका. दोन कार्डं बसणारा, चेहरा न सोडणारा नवा कॅमेरा घ्या. दुसऱ्याचा प्रसंग एका कार्डावर टांगून ठेवू नये.

पण तुमच्या घरात कपाटात एखादा आठ-दहा वर्षांचा मिररलेस पडून असेल, आणि घरात किंवा शेजारी ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर या रविवारी बॅटरी चार्ज करा. त्यांना उजेडाकडे तोंड करून बसवा. दहा सेकंद रेकॉर्ड करा, ऐका. आणि मग म्हणा, "बोला."

जय हिंद.